खोलीभाडं वेगळं, नेट वेगळं

"रात्रीचे ४५ डॉलर! आणि भाड्यात धरलेलेच नाहीत!"

काकूंचा आवाज भिंतीवरून थेट आमच्या ओट्यावर आला, तेव्हाच मी ओळखलं, आज आपलं दूध उतू जाणार. गॅस बारीक करून मी मागच्या अंगणात गेले.

काकू आणि नाना लेकीकडे अमेरिकेला जाऊन आलेत. चॉकलेटं वाटून झाली, ग्रँड कॅनियनचे फोटो सगळ्या कॉलनीला दाखवून झाले, पण लास व्हेगासच्या हॉटेलचं बिल काही अजून पचलेलं नाही. नाना बँकेतून निवृत्त झाले, तरी ताळा लागल्याशिवाय झोप न येण्याची सवय सुटलेली नाही. त्यांनी ते बिल वहीत चिकटवून साताऱ्यापर्यंत आणलंय. कृष्णकमळाचा वेल बाजूला सारून ती वही भिंतीवर उघडी ठेवलेली होती आणि काकू तिच्यावर बोट आपटत होत्या.

"बघ गं, तूच बघ. हे खोलीचं भाडं. त्याखाली ही रिसॉर्ट फी. त्याच्यावर परत कर. मी जावईबापूंना विचारलं, ही कसली फी हो? तर म्हणाले, आई, यात वायफाय येतं, जिम येते आणि लोकल फोन फुकट."

"मग जिमला गेलात का?"

"हे गेले होते. दारातनं बघून आले."

"आणि लोकल फोन?"

"व्हेगासमध्ये माझ्या ओळखीचं कोण बसलंय फोन करायला!"

"वायफाय तरी वापरलंत ना?"

आता नाना बोलले. "पहिल्या संध्याकाळी लावलं. ती गोल चकती फिरत बसली. शेवटी लेकीच्या फोनवरचं नेट घेतलं आणि तुमच्या ग्रुपवर फोटो टाकले."

म्हणजे आम्ही ज्या फोटोंना अंगठे दाखवत होतो, ते फुकटचे होते आणि ज्या नेटचे पैसे मोजले, ते चाललंच नाही. मला हसू आवरेना. नानांनी चष्मा कपाळावर चढवला. हे लक्षण आम्हाला माहीत आहे. आता अर्धा तास निश्चिंती.

"हसू नका. व्हेगासचा तो मुख्य रस्ता आहे ना, स्ट्रिप म्हणतात, तिथल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या हॉटेलांत ही फी आहे. रात्रीला ४०-५० डॉलर, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. वर तिथला खोलीकर तेराएक टक्के, तो या फीवरही बसतो. आणि मला नेट नको, जिम नको, तेवढी फी काढा, असं म्हणायची सोय नाही. नको असलं तरी द्यायची."

"मग सरळ भाड्यातच का धरत नाहीत?"

"तीच तर मेख आहे! हल्ली हॉटेल शोधताना माणूस काय करतो? स्वस्त असेल ते वर लावतो. शंभराची खोली साठला दाखवली की यादीत वर जायची. उरलेले चाळीस मागाहून. शिवाय बुकिंग करून देणाऱ्या कंपन्यांचं कमिशन भाड्यावर असायचं, फीवर नसायचं. फीचा पैसा सगळा हॉटेलच्या गल्ल्यात. २०१९ साली बुकिंग डॉट कॉमने फीवरही कमिशन लावायचं ठरवलं, ते उगाच नाही. सीझर्स हॉटेलवाल्यांनी तर काही काळ 'आमच्याकडे रिसॉर्ट फी नाही' अशी जाहिरात करून गिऱ्हाईक ओढलं होतं. २०१३ मध्ये त्यांनीही लावली."

"सरकार काही बोलत नाही?"

"बोललं ना. तिकडे फेडरल ट्रेड कमिशन आहे, त्यांचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झालाय. पहिल्यांदा जो आकडा दाखवाल, तो सक्तीच्या सगळ्या फिया धरून दाखवा. सरकारी कर तेवढे वेगळे चालतील."

"म्हणजे गेली फी!" काकूंनी टाळी वाजवली.

"कुठली जाते! झाकून ठेवता येत नाही, एवढंच. किती घ्यायची, यावर तो नियम एक अक्षर बोलत नाही."

नानांना हा नियम फार आवडलाय. मला विचाराल तर, कापणार ते सांगून कापणार, एवढाच फरक. सांगून कापलं तर बरं, हे खरं. पण कापणं कापणंच.

माझा जीव या सगळ्यात का अडकला होता, ते सांगते. दिवाळीत आमच्याकडे सगळे जमणार आहेत आणि दोन रात्री कोयनेच्या काठावर, तापोळ्याच्या बाजूला, एका रिसॉर्टला जायचं घाटतंय. सून पुण्याला आयटीत आहे. तिला सुट्टी आहे, पण तिच्या अमेरिकेतल्या साहेबाला दिवाळी नाही. तेव्हा रात्री दोन तास नेट हवंच. मी फोन करून विचारलं, "वायफाय आहे का?" पलीकडून मुलगा म्हणाला, "आहे ना मॅडम, फुल आहे. रिसेप्शनला." आणि खोलीत? "खोलीतपण येतं मॅडम, वातावरणावर आहे."

वातावरणावर! हे मी काकूंना सांगत होते तेवढ्यात फाटक वाजलं आणि त्यांचा भाचा शिडी खांद्यावर घेऊन आत आला. हा बाळ्या महाबळेश्वर, पाचगणी आणि खाली कोकणात रिसॉर्टांना वायफाय बसवून देतो. काकूंना तो नेमकं काय करतो ते कळत नाही, पण टीव्ही अडकला की त्यालाच बोलावणं जातं.

"बाळ्या, सांग बाबा तूच, हे हॉटेलवाले नेटचे एवढे पैसे का घेतात?"

शिडी भिंतीला टेकवून तो म्हणाला, "मामी, तुमचे ४५ डॉलर काहीच नाहीत. तुम्हाला नॅशव्हिलची गोष्ट सांगू? आमच्या धंद्यात ती सगळ्यांना पाठ आहे."

मग जे त्याने सांगितलं ते ऐकून नानांचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर आला.

अमेरिकेत टेनेसी राज्यात नॅशव्हिल आहे. तिथे गेलॉर्ड ओप्रीलँड नावाचं रिसॉर्ट आहे. रिसॉर्ट कसलं, गावच. सुमारे २९०० खोल्या. काचेच्या छताखाली नऊ एकर बागा, त्यांतून कालवा, कालव्यात होड्या. बाहेर बर्फ पडो नाहीतर ऊन, आत बारा महिने वसंत. सुट्टीला लोक पोरंबाळं घेऊन येतात आणि बाजूला मोठमोठी प्रदर्शनं, परिषदाही भरतात. २०१२ पासून त्याचा कारभार मॅरियट या हॉटेल-कंपनीकडे आहे.

"आता प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्याला नेट लागतंच," बाळ्या सांगत होता. "हॉटेलचं वायफाय घ्यायचं तर एका उपकरणाला २५० पासून १००० डॉलरपर्यंत."

"एका फोनला हजार डॉलर?" काकूंनी कपाळाला हात लावला.

"फोनला म्हणा, लॅपटॉपला म्हणा. मग लोक काय करणार? आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावणार. त्यांनी लावला. तर तो टिकेचना. लावला की तुटतोय, लावला की तुटतोय. एकाला शंका आली, त्याने मार्च २०१३ मध्ये तिकडच्या एफसीसीकडे, म्हणजे आपल्या ट्रायसारख्या, पण जास्त अधिकारांच्या सरकारी आयोगाकडे तक्रार केली. चौकशीत निघालं, हॉटेलची माणसंच ते पाडत होती."

"पाडत होती म्हणजे? वायर कापत होती?"

"वायर असते कुठे मामी! फोन आणि राउटर एकमेकांशी बोलत असतात ना, त्यांच्यात 'आता आपलं तुटलं' असा एक छोटा निरोप असतो. त्या निरोपावर सही-शिक्का काही नसायचा. तिसऱ्याच कोणी राउटरच्या नावाने फोनला पाठवला, तरी फोन बिचारा खरं मानून बाजूला व्हायचा."

काकू एकदम म्हणाल्या, "म्हणजे शेजारणीनं सासूच्या नावानं सुनेला चिठ्ठी धाडायची, 'माहेरी निघून जा', आणि सुनेनं बॅग भरायची!"

"अगदी बरोब्बर!"

इतकी वर्षं आमचा मुलगा मला नेटवर्क समजावतोय. काकूंना एका वाक्यात समजलं.

आता पुढची गंमत. हॉटेलचं म्हणणं असं पडलं की आम्ही पाहुण्यांच्या भल्यासाठीच करत होतो. कोणी भामट्याने खोटा हॉटस्पॉट लावून लोकांचे पासवर्ड चोरले तर? आयोगाला ते पटलं नाही. परवानगी असलेल्या रेडिओ संपर्कात मुद्दाम अडथळा आणायचा नाही, असं तिकडच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये मॅरियटने सहा लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. पण गप्प बसतील ते व्यापारी कसले! त्याआधीच त्यांनी आणि तिथल्या हॉटेलांच्या संघटनेने आयोगाकडे अर्ज टाकलेला होता, की आमच्या आवारात आमच्या नेटवर्कची राखण आम्हाला करू द्या. त्याला गूगल आणि मायक्रोसॉफ्टने विरोध केला. जानेवारी २०१५ मध्ये आयोगाने जाहीर बजावलं की पाहुण्याचा हॉटस्पॉट पाडणं बेकायदा आहे, आणि त्याच महिन्यात तो अर्ज मागे घेतला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्मार्ट सिटी नावाची कंपनी, जी ऑरलँडो, फीनिक्स वगैरे ठिकाणच्या सभागृहांना नेट पुरवायची, तिलाही साडेसात लाख डॉलर भरावे लागले. तिचा दर दिवसाला ८० डॉलर होता.

नाना वहीच्या मागच्या पानावर आकडे उतरवून घेत होते. "सहा लाख डॉलर," ते म्हणाले, "हजाराच्या भावाने सहाशे उपकरणं. एका मोठ्या प्रदर्शनात वसूल."

बँकवाल्या माणसाला दंडही व्याजासकट दिसतो.

"आपल्याकडे असं चालतं का रे?" मी विचारलं.

"जॅमर लावायचा तर दिल्लीला मंत्रिमंडळ सचिवालयाची परवानगी लागते वहिनी, खासगी हॉटेलला कोण देतंय! आणि लावून करणार काय? आपल्याकडे नेट विकत घेणारं गिऱ्हाईकच राहिलं नाही."

हे मात्र खरं. आठवून बघा. पूर्वी मोठ्या हॉटेलात राहिलं की खोलीतला फोन उचलायला भीती वाटायची; एका एसटीडी कॉलला बाहेरच्या बूथच्या कितीतरी पट आकार लागायचा. आमचे हे कंपनीच्या कामाने मुंबईच्या हॉटेलात उतरायचे, तेव्हा रात्री जेवण झालं की चालत कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या बूथवर जाऊन घरी फोन करायचे. पुढे मोबाइल आले आणि हॉटेलांची फोनची कमाई आटली. ती भरून काढायला नेट हाताशी आलं. कार्ड खरवडायचं, त्यावरचा नंबर टाकायचा, तासाचे एवढे, दिवसाचे एवढे.

आणि यात एक उफराटा न्याय होता, तो बाळ्याने सांगितला. हमरस्त्यावरच्या साध्या मोटेलात नेट फुकट आणि पंचतारांकित हॉटेलात विकत. असं का? तर मोटेलात उतरणारा स्वतःच्या खिशातून देतो. शेजारी फुकट असेल तर तिकडे जाईल. पंचतारांकितात उतरणाऱ्याचं बिल कंपनी भरते, तो बघतच नाही. मग जो बघत नाही, त्याच्याकडून घ्या!

जग फिरलं ते २०१५ च्या सुमाराला. हयातने त्या फेब्रुवारीत आपल्या सगळ्या हॉटेलांत वायफाय फुकट केलं. मॅरियटनेही त्याच जानेवारीत सुरू केलं, पण आमचे सभासद व्हा आणि थेट आमच्याकडेच बुकिंग करा, अशा अटीवर. नॅशव्हिलच्या दंडाला तेव्हा तीन-चार महिनेच होत होते, हा आपला माझा चोंबडेपणा.

"फुकट केलं ते काय पुण्य लागावं म्हणून?" काकूंना कोणाचं चांगलं सहसा पटत नाही. "डिस्नेलासुद्धा आम्हाला फुकट होतं. ऑरलँडोला."

"आधी तिथेही चोवीस तासांना दहाएक डॉलर घ्यायचे," बाळ्या म्हणाला. "पण आता त्यांनाच तुम्ही नेटवर हव्या असता. झुल्याची रांग फोनवर, जेवणाची ऑर्डर फोनवर, मनगटाला बांधायचा तो पट्टासुद्धा त्यांच्या ॲपशी जोडलेला. तुमच्याकडे नेट नसेल तर धंदा त्यांचा अडतो."

याची छोटी आवृत्ती आपल्याकडेही आली आहे. गेल्या वेळी दापोलीकडे एका ठिकाणी नाश्त्याला बसलो तर मेन्यूकार्ड नाही, टेबलावर चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला. स्कॅन करा म्हणे. रेंज नाही. वायफायचा पासवर्ड कोणाला माहीत? मॅनेजरला. मॅनेजर कुठे? बाजारात मासे आणायला. शेवटी पोऱ्याने तोंडी सांगितलं, "पोहे, उपमा, आंबोळी," आणि विसाव्या शतकातली ती पद्धत उत्तम चालली.

पण मुळात आपल्याकडचं गिऱ्हाईक गेलं कुठे? ते जिओने नेलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटाचा भाव कोसळला. ट्रायच्या हिशेबाप्रमाणे २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत होते. २०१८ मध्ये ते १२ रुपयांच्या आत आले. ज्याच्या खिशात रोजचा दीड-दोन जीबी आहे, तो हॉटेलच्या नेटला तासाचे दीडशे कशाला देईल? मी तर म्हणते, आपल्या रिसॉर्टांत वायफाय फुकट झालं, ते मालकांच्या दानतीमुळे नाही. पाहुण्याच्या खिशात दुसरी सोय आली म्हणून झालं. आणि जिथे ती सोय नाही, तिथे अडला हरी अजूनही गाढवाचे पाय धरतोच.

"पण मग तो ओटीपीचा त्रास कशाला?" नानांनी विषय काढला. "फुकट देता ना, मग नाव, गाव, खोली नंबर, मोबाइल नंबर, ओटीपी. आणि ओटीपी यायला रेंज लागते! रेंज असती तर तुझं वायफाय मागितलं असतं का?"

हा प्रश्न मलाही नेहमी पडायचा. बाळ्याने सांगितलं, त्याचं मूळ आपल्याच नवी मुंबईत आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले, त्या वेळची धमकीची ईमेल सानपाड्यातल्या एका फ्लॅटमधल्या उघड्या, पासवर्ड नसलेल्या वायफायवरून गेली होती. त्या घरात राहणाऱ्या माणसाचा काही संबंध नव्हता; कोणीतरी त्याचं नेट वापरलं. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून तसाच प्रकार झाला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाचा आदेश निघाला, की सार्वजनिक ठिकाणचं वायफाय कोण वापरतंय, याची ओळख पटवून नोंद ठेवायची. म्हणून मोबाइल नंबर आणि म्हणून ओटीपी. त्यावर रिसॉर्टवाल्याला चिडून उपयोग नाही. मात्र रेंज नसलेल्या जागी फ्रंट ऑफिसने ओळखपत्र बघून कूपन छापून द्यावं, तशी सोय यंत्रात असते. पुष्कळ जण ती चालूच करत नाहीत, असं बाळ्या म्हणाला.

आता माझा मूळ प्रश्न. खोलीत येईल का?

"कुठली खोली?" त्याने उलट विचारलं. "वहिनी, लोक सहज विचारतात, हजाराचा राउटर लावला की झालं ना? रिसॉर्ट म्हणजे फ्लॅट नाही. दहा एकरांत कॉटेजेस विखुरलेल्या. कोकणात चिऱ्याच्या जाड भिंती, आपल्या इकडे काळा दगड. सिग्नल त्यातून जाता जाता मरतो. मध्ये स्विमिंग पूल, गच्च झाडं. पाणी सिग्नल खातं, पावसाळ्यात ओली झाडंही खातात. म्हणजे प्रत्येक कॉटेजपर्यंत फायबर ओढून तिथे सिग्नल देणारा वेगळा ॲक्सेस पॉइंट लावायला हवा. चर खणायचा खर्च यंत्रापेक्षा जास्त. तो केला तरी महाबळेश्वरात माकडं केबल खेचतात, जूनमध्ये वीज पडली की स्विच जळतात, आणि घाटात रस्त्याचं काम निघालं की जेसीबीने मुख्य लाइनच उडवली म्हणून समजा."

म्हणजे मालकाचाही खर्च होतो, हे मान्य करायला हवं. पण बहुतेक ठिकाणी तो खर्च केलेलाच नसतो. रिसेप्शनवर एक राउटर, जेवणघरात एक, आणि पाटी मात्र 'संपूर्ण परिसरात वायफाय'.

"आणि खोलीपर्यंत पोचलं तरी शनिवार रात्रीचं काय?" बाळ्या आता रंगात आला होता. "समजा ६० खोल्या आहेत. खोलीत दोन फोन धरले तरी १२०. मालकाने घेतलेली लाइन १०० एमबीपीएसची. चांगला व्हिडिओ बघायला एकाला साधारण ५ एमबीपीएस लागतात. म्हणजे २० जणांनी मॅच लावली की झालं, बाकीचे शंभर चकती बघत बसणार. त्यात ती लाइन घरगुती ब्रॉडबँडची असली तर तेवढीसुद्धा मिळण्याची हमी नाही, कारण ती गावातल्या इतरांशी वाटून घेतलेली असते. फक्त आपल्यासाठी राखलेली लीज लाइन घ्या म्हटलं की मालक दर ऐकून चहा मागवतात आणि विषय बदलतात."

"तुमच्या त्या व्हेगासच्या खोलीचंही तसंच झालं असेल," मी काकूंना म्हटलं.

"होवो बाई. पण तिथे मालकानं दर ऐकून चहा मागवला नव्हता, माझ्याकडून घेतले होते!"

बिनतोड.

आणखी एक गोष्ट कळली, ती तुमच्या उपयोगाची आहे. पुष्कळ ठिकाणी एका खोलीला दोनच उपकरणं जोडू देतात, तिसऱ्याला पैसे. आणि कधी कधी आपण एकच फोन घेऊन गेलो तरी दुसऱ्या दिवशी म्हणतात, तुमची मर्यादा संपली. त्याचं कारण, हॉटेलचं यंत्र फोन ओळखतं ते त्याच्या आतल्या एका पत्त्यावरून, आणि हल्लीचे फोन खासगीपणासाठी तो पत्ता लपवून बनावट देतात. तो बदलला की यंत्राला वाटतं, नवीन फोन आला. वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या एका नेटवर्कपुरता तो बदल बंद ठेवता येतो. माझ्या सुनेने तर तळहाताएवढा एक प्रवासी राउटर घेतलाय. हॉटेलला एकच उपकरण दिसतं आणि त्यामागे सगळं घरदार नेट वापरतं. ही युक्ती ऐकून काकूंच्या डोळ्यांत जी चमक आली, ती बघता पुढच्या अमेरिका वारीला त्यांच्या बॅगेत राउटर असणार हे नक्की.

एवढ्यात नानांनी बॉम्ब टाकला. "मी म्हणतो, पुढच्या वर्षी मुंबईहून ती लक्षद्वीपची क्रूझ करू. तिथे रिसॉर्ट फी नाही."

"मामा, जहाजावर तर विचारूच नका," बाळ्या हसायला लागला. "समुद्रात गेलं की टॉवर संपले. मग नेट आकाशातून. पूर्वीचे उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर, निरोप जाऊन परत यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त. व्हिडिओ कॉलवर तुम्ही 'हॅलो' म्हणायचं आणि पलीकडचा हसतोय की रडतोय ते मग कळायचं. आता स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहेत. रॉयल कॅरिबियनने २०२२ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या जहाजांवर तेच बसवायचं ठरवलं. वेग वाढला. पण फुकट नाही झालं! पॅकेज घ्यावंच लागतं."

"का बरं?"

"जहाजावरून उतरून कोपऱ्यावरच्या बूथवर जाता येतं का?"

नानांनी वही मिटली.

आणि एक धोक्याची सूचना, ती मी स्वतः सगळ्यांना देऊन ठेवते. क्रूझवर फोन एअरप्लेन मोडवर टाकूनच ठेवा. काही जहाजांवर मोबाइलचा स्वतःचा टॉवर असतो, तो उपग्रहातून चालतो. आपला फोन भोळेपणाने त्याला जाऊन चिकटतो, खिशातल्या खिशात ॲप अपडेट करत बसतो, आणि घरी आल्यावर रोमिंगचं बिल येतं. देशातला रोजचा दीड जीबीचा प्लॅन तिथे चालत नाही. एअरप्लेन मोडवर ठेवूनही वायफाय वेगळं चालू करता येतं.

एव्हाना आमचं दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि आतून यांची हाक येत होती. पण निघण्याआधी मी बाळ्याला त्या तापोळ्याच्या रिसॉर्टचा नंबर दिला आणि म्हटलं, तूच बोल. त्याने स्पीकरवर टाकून विचारलं, कॉटेजमध्ये ॲक्सेस पॉइंट आहे का? लाइन कितीची? लाइट गेली तर राउटर इन्व्हर्टरवर चालतो का? कुठल्या कंपनीची रेंज खोलीत येते? त्या मुलाने पहिल्यांदाच 'वातावरण' हा शब्द न वापरता उत्तर दिलं: नदीकडच्या चार कॉटेजेसमध्ये येत नाही, रस्त्याकडच्या तीनमध्ये चांगलं येतं, लाइट गेली की सगळं बंद, आणि एकाच कंपनीची रेंज आहे, तीही अंगणात. खरं सांगायला लावलं की लोक सांगतात. आम्ही रस्त्याकडची घेतली. नदीचं दृश्य जाणार म्हणून यांची कुरकुर चालू आहे, पण सुनेचा साहेब नदी बघायला येणार नाहीये.

तेव्हा महाबळेश्वर, तापोळा, दापोली, तारकर्लीकडच्या तमाम रिसॉर्टमालकांना माझी विनंती आहे. दरपत्रकावर 'गरम पाणी सकाळी ७ ते ९' असं तुम्ही न चुकता छापता. त्याच्याखाली आणखी दोन ओळी छापा: कोणत्या कंपनीची रेंज कुठे येते आणि वायफाय कोणकोणत्या खोल्यांत पोचतं. पैसे घेणार असाल तर तो आकडाही तिथेच, मोठ्या अक्षरांत लिहा.